मुठीएवढं पोट

कुणाच्या घरात काय शिजतंय हे गावात सगळ्यात आधी पिठाच्या गिरणीवाल्याला कळतं. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात माझी गिरणी आहे, वीस वर्षं झाली. दसऱ्यापर्यंत पायली-पायलीची दळणं येतात. मग मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, टोळ्या ऊसतोडीला जातात आणि डबे लहान होतात. डबा आणणारे हातही बदलतात. एकतर थरथरणारे म्हातारे हात, नाहीतर लेकरांचे.

२०२३ साली हे जरा जास्तच झालं. ऑगस्ट अख्खा कोरडा गेला. कापसाची बोंडं सुपारीएवढी राहिली. ३१ ऑक्टोबरला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा धारूर होता. दुसऱ्याच दिवशी कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला. ज्या घरातून दरसाल एक कोयता जायचा, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, तिथून त्या साली दोन गेले. धाकट्या सुनासुद्धा गेल्या. मागं राहिले म्हातारा-म्हातारी, शेळ्या आणि लेकरं.

नोव्हेंबराच्या शेवटी आठ-नऊ वर्षांची एक पोरगी दीड किलो ज्वारी घेऊन आली. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. म्हणाली, "काका, कण्या करा. बारीक नका दळू."

"कण्या कशाला गं?"

"आजीचा हात दुखतो, भाकरी थापता येत नाही. कण्या एकदा शिजवल्या की दिवसभर होतात."

मी पट्टा चढवला. गिरणी सुरू झाली की कडेवरचं लेकरू एकतर दचकून रडतं, नाहीतर पट्ट्याकडं टक लावून बघत बसतं. वीस वर्षांत तिसरा प्रकार मी पाहिला नव्हता. ह्या लेकरानं दोन्ही केलं नाही. ताईच्या खांद्यावर मान टाकून ते तसंच पडून राहिलं. हातात पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊचा पुडा होता, रिकामा.

ते माझ्या डोक्यातून जाईना. माझी आईही कोयत्यावर जायची. मीही आजीपाशीच वाढलोय. पण तेव्हा घरात चुलत्या होत्या, एकीनं नाही दिलं तर दुसरी द्यायची. आता घरं सुटी-सुटी झालीत.

अंगणवाडीच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दादा, चार डिसेंबरपासून आमचा संप आहे. राज्यभर." त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या मानधनात घर चालवून दाखवा म्हणावं कुणीतरी. पण अंगणवाडीला कुलूप लागलं तेव्हाच नेमक्या लेकरांच्या आया गावात नव्हत्या. सहाच्या वरच्या लेकरांना शाळेची खिचडी तरी होती. त्याच हिवाळ्यात शाळेत आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचंही सुरू झालं होतं. ऊसतोडवाल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तीही शाळेत जाणाऱ्यांसाठीच. जे अजून शाळेत जात नाही, ते लेकरू कुठल्याच वहीत नव्हतं.

बाई दोन दिवस विचार करत होत्या. मग एका संध्याकाळी पदराखालून एक पट्टी काढली. "संप फोडला असं कुणी म्हणायला नको. मी शेजारीण म्हणून येते, सेविका म्हणून नाही."

ती पट्टी मी पहिल्यांदाच बघत होतो. लाल, पिवळी, हिरवी. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या लेकराच्या डाव्या दंडाला मधोमध गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. त्यापुढं हिरवं. लेकराचा दंड साडेअकरा म्हणजे केवढा, हे मी घरी आल्यावर दोरी गुंडाळून बघितलं. माझ्या मनगटापेक्षाही कितीतरी बारीक.

आम्ही चौतीस लेकरं मोजली. दोन लाल, नऊ पिवळी. गिरणीत आलेल्या त्या पोराचं अकरा पूर्णांक नऊ भरलं.

दोन लालपैकी एका मुलीची पावलं बाईंनी अंगठ्यांनी दाबून धरली, तीन-चार सेकंद. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला, दोन्ही पायांवर. आजी म्हणाली, "बाळसं धरलंय की पायाला." बाईंचा चेहरा उतरला. सूज असली, किंवा लेकरू तोंडात घास घेईनासं झालं, तर घरी खाऊ घालत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अशा लेकराला एकदम पोटभर घालणंही जिवावर बेतू शकतं, तिथं मापानं आणि दमानं चढवत नेतात. पण नेणार कोण? बाप कर्नाटकाच्या हद्दीवर उसाच्या फडात. फोन लावला तर म्हणाला, "उचल, आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही, मुकादम सोडणार नाही. आई काय म्हणती बघा." आई, म्हणजे आजी, म्हणाली, "पंधरा दिवस दवाखान्यात बसले तर शेळ्या कोण बघंल?"

दोन शेळ्या मी गिरणीमागं बांधल्या. माझी बायको आजीबरोबर अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेली. त्या पंधरा दिवसांत शेळ्यांनी माझा दरवाजाचा पडदा आणि अर्धं कॅलेंडर खाल्लं.

उरलेल्या दहांसाठी काहीतरी करू, असं आम्ही ठरवलं. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते पीठच. गिरणीवाल्याला दुसरं काय सुचणार? गहू दोन भाग, डाळवं एक भाग, दोन्ही खरपूस भाजून दळले. शेंगदाणे गिरणीत घालता येत नाहीत, तेल सुटून दगड बुजतो, म्हणून ते भाजून उखळात कुटले, अर्धा भाग मिसळले. वर गूळ. किलो-किलोच्या पुड्या बांधून घरोघरी दिल्या. लेकराला दिवसातून चार वेळा कोमट पाण्यात कालवून द्या म्हणून सांगितलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं त्या रात्री.

दहा दिवसांनी पट्टी लावली. कुणाचाच दंड हलला नव्हता. दोघांचा उलट एक-दोन मिलिमीटर कमी.

मी चिडलोच. एका घरी विचारलं, पीठ कुठं गेलं? म्हातारा खाली बघून बोटानं जमीन कोरत बसला. मग म्हातारी बोलली, "ह्यांना दात नाहीत. गोड लागलं. मीही घेतलं दोन दिवस." दुसऱ्या घरी पाहुणे आले तेव्हा लाडू वळले होते. तिसऱ्या घरी थोरल्या तीन पोरांनी शाळेतून आल्यावर कोरडंच फस्त केलं. चिडायला मला काय हक्क होता? घरात भुकेलं एकटं ते लेकरू नव्हतं. बाई म्हणाल्या, "तीन वर्षांखालच्या लेकरांचा सरकारी आहारही कोरडा घरी जातो. घरात गेला की तो घराचा होतो. हे आम्हाला नवं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला खरं म्हणजे आधी कळायला हवं होतं. ह्या घरांत धान्य अगदीच नाही असं नाही. रेशनचं माणशी पाच किलो मोफत येतं, मशीन आजीचा झिजलेला अंगठा घेत नाही तो महिना सोडला तर. पण दीड वर्षाच्या लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं असतं. सकाळी शिजवलेल्या कण्या ते एका वेळी चार चमचे खाणार आणि तोंड फिरवणार. दीड तासानं त्याला पुन्हा भूक लागते, तेव्हा आजी शेळ्यांमागं गेलेली असते, कण्या गार होऊन दगड झालेल्या असतात. रडलं की पाच रुपये. आई असती तर येता-जाता घास भरवला असता. ह्यांचं रोजचं सहा-सात वेळा भरवणंच कोयत्याबरोबर निघून गेलं होतं. ते पुडीत बांधून कसं देणार?

मारुतीच्या देवळाचा सभामंडप मागितला. सकाळी आठ, अकरा, दोन आणि पाच, अशा चार वेळा लेकरं तिथं आणायची, समोर बसवून भरवायची, मग घरी. बसणार कोण हा प्रश्न होता. गावातल्या धडधाकट बाया एकतर फडात, नाहीतर सरकीच्या रानात. शेवटी जमली ती फौज अशी: माझी बायको दवाखान्यातून परत आल्यावर, सातवा महिना असल्यामुळे ह्या खेपेला कोयत्यावर न गेलेली एक सून, आणि दोन म्हाताऱ्या, ज्यांचं एकमेकींशी बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांचं बोलणं तिथंही सुरू झालं नाही. एक लापशी ढवळायची, दुसरी भरवायची, आणि मधले निरोप माझ्या बायकोमार्फत जायचे: "तिला सांग, गुठळ्या राहिल्यात."

लापशीचंच आमचं घोडं अडलं. पातळ केली तर नुसतं पाणी, पोट भरतं पण अंगी लागत नाही. घट्ट केली तर लेकरू तीन चमच्यांत थकतं, घशाखाली उतरत नाही. बाईंना प्रशिक्षणात शिकवलेली एक जुनी युक्ती आठवली. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणायचे, वाळवायचे, हलकेच गरम करून दळायचे. घट्ट शिजलेली लापशी जरा निवली की ह्या पिठाचा एक चमचा घालून ढवळायची. मोड येताना धान्यात जो पाचक रस तयार होतो तो पिष्ट फोडतो, लापशी डोळ्यांदेखत सैल होते, पाणी न घालता. तेवढ्याच वाटीत दुप्पट पीठ मावतं.

पहिला घाणा मी घालवला. गिरणीवाला आहे, भाजायचं म्हटलं की खमंग वास येईपर्यंत भाजणार. त्या पिठाचा चमचा घातला, ढवळलं, लापशी होती तशी ठाम. दुसरा चमचा, तिसरा. काही नाही. ढवळणारी म्हातारी म्हणाली, "बाईंनी तुम्हाला येडं बनवलं." बाईंनी पीठ हुंगलं आणि हसल्या. "दादा, तुम्ही औषध जाळून टाकलंत." जास्त आच लागली की तो रस मरतो. दुसऱ्या वेळी मी गहू उन्हातच कडकडीत वाळवले, तव्यावर नुसते कोमट केले, आणि सकाळी दगड गार असताना पहिलं दळण त्यांचं घेतलं, कारण दुपारपर्यंत पीठ हाताला चटका देईल इतकं तापून बाहेर पडतं. त्या दिवशी चमचा घातला आणि तीन-चार मिनिटांत लापशी ओघळायला लागली. अबोला धरलेल्या दोन्ही म्हाताऱ्या एकदमच "अगं माय" म्हणाल्या. मग एकमेकींकडं बघून पुन्हा गप्प.

वाटीत वरून एक चमचा करडीचं तेल आणि कुटलेले शेंगदाणे. दुपारी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, शेवग्याचा पाला बारीक चिरून. अंड्यावरून मात्र गाव हललं. देवळात अंडं शिजणार नाही, हे मला मान्यच होतं, ते माझ्या घरी उकडायचं ठरलं. पण एका नातवाची आजी माळकरी. म्हणाली, "माझ्या घरातल्या पोराच्या तोंडाला लावू नका." तिच्या नातवाला आम्ही अंड्याऐवजी शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि वाटीभर दूध दिलं. पोटाच्या नावाखाली कुणाची माळ तोडायची नाही, एवढं मला कळतं. थंडीत अंड्याचा भाव चढतो, त्यामुळे आठवड्याला दोनाच्या वर बाकीच्यांनाही जमली नाहीत.

आठव्या दिवशी तीन लेकरांना जुलाब लागले. वाट्या हापशावर विसळून उघड्या पालथ्या ठेवत होतो, माश्या बसत होत्या. चूक आमचीच. आरोग्य उपकेंद्रातून मीठ-साखरेच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या आणल्या, वाट्या उकळत्या पाण्यातून काढायला लागलो, दारात साबण टांगला. दोघांनी चार दिवसांत कमावलेलं दोन दिवसांत गमावलं. लेकराचं वजन चढायला किती वेळ लागतो आणि उतरायला किती, ते तेव्हा कळलं.

पैशाचं म्हणाल तर, गिरणीत एक डबा ठेवला. जो दळायला येईल त्यानं दळणातून एक मूठ धान्य टाकायचं. दुष्काळाचं साल, मी फार आशा ठेवली नव्हती. एकानं तोंडावर सांगितलं, "आमचंच भागंना, दुसऱ्याच्या लेकराचं काय घेऊन बसलास." खोटं नव्हतं ते. पण संध्याकाळी डबा बघितला तर रिकामा कधीच नसायचा. ज्वारी, गहू, बाजरी सगळं एकात मिसळलेलं. ते निवडणं ही आणखी एक कटकट, मग तीन डबे ठेवले. शेंगदाणे आणि तेल किराणा दुकानातून उधारीवर. ती उधारी फिटायला पुढची दिवाळी उजाडली.

वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे वाटायला एक पुढारी येऊन गेले, बॅनर आधी लागला, बिस्किटं नंतर. लेकरांनी पुडेच्या पुडे खाल्ले आणि दोन वाजता लापशीला तोंड लावलं नाही. एका दिवसानं काही बिघडत नाही म्हणा. पण फोटोत आमच्या दोन्ही म्हाताऱ्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या गेल्या, त्याचा राग त्यांना महिनाभर होता.

त्या पोरीचं राहिलं. भावाला घेऊन ती चारही वेळा यायची. शाळेत जात नव्हती, भाऊ कुणाकडं ठेवणार? आम्ही नियम केला होता: पाचाच्या आतली, पट्टीत पिवळी किंवा लाल आलेलीच. दहा म्हणजे दहा. तेवढंच धान्य मोजून काढलेलं. ती भावाला भरवायची, वाटीच्या कडेचं बोटानं पुसून त्यालाच द्यायची, आणि मग खांबाला टेकून उभी राहायची. अशी पाच-सहा दिवस. मी बघत होतो आणि नियम नियम करत होतो. भरवणारी म्हातारी एक दिवस ताटली घेऊन उठली, तिच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "तुझी पट्टी हिच्या दंडाला पुरत नाही म्हणून हिला भूक नाही का रे?"

दुसऱ्या दिवसापासून दहाची सतरा झाली. थोरली भावंडं सगळी आली. धान्य पुरेना तेव्हा मोठ्यांना हुलग्याचं माडगं आणि धपाटे, लेकरांना लापशी. मग बाईंनीच डोकं चालवलं. भाऊ सकाळी म्हाताऱ्यांपाशी देवळात ठेवायचा आणि पोरीनं शाळेत जायचं, खिचडी तिथंच खायची. पहिले दोन दिवस ती मधल्या सुट्टीत पळत येऊन खांबाआडून बघून जायची. तिसऱ्या दिवशी आली नाही.

जानेवारीच्या शेवटी संप मिटला, अंगणवाडी उघडली. अकरा वाजताचा आहार तिकडं गेला. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून दिवसाला पाचशे उष्मांकांचं खाणं मिळायला हवं, असं बाईंनी सांगितलं. बाकीच्या तीन वेळा आम्ही सुरूच ठेवल्या. दवाखान्यातून आलेली मुलगीही त्यात मिळाली. ती आली तेव्हा पायाची सूज उतरून अगदी काडी झालेली दिसत होती. आजी रडायला लागली, बाळसं गेलं म्हणून. सुजेचं पाणी गेलं की वजन आधी घटतंच, हे तिला पटवायला आठवडा गेला.

मार्चमध्ये शेवटची पट्टी लावली तेव्हा अकरापैकी सात हिरवे होते, तीन पिवळे. एक लेकरू मध्येच आईबाप येऊन फडावर घेऊन गेले, त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. त्या भावाचं बारा पूर्णांक सहा भरलं. हिरव्याच्या जेमतेम काठावर. तरी गिरणी सुरू केली की आता तो पट्ट्याकडं बोट करून "भुर्र" म्हणायचा.

पाडव्याच्या मागं-पुढं टोळ्या परतल्या. त्याची आई आली तेव्हा तो तिच्याकडं जाईना, ताईच्या ओढणीत तोंड लपवून बसला. ती बाई काही बोलली नाही. चार-पाच दिवसांनी गिरणीत आली.

"दादा, ते मोडाचं पीठ कसं करतात? ह्या दसऱ्याला दोघांनाही संग घेऊन जाणार आहे. मागं नाही ठेवायची."

म्हणजे पोरीची शाळा गेली. हे मी तिला म्हणणार होतो, पण तिच्या जागी मी काय केलं असतं? कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चूल असते, पहाटे चारला फडात जायचं असतं, तिथंही भरवायला ही पोरगीच असणार. मी गहू भिजवण्यापासून सांगायला लागलो तर पोरीनं मला मध्येच थांबवलं.

"काका, मला येतं." मग आईकडं वळून, बोटं मोजत, "भाजायचं नाही. नुसतं कोमट. लापशी आधी खाली उतरवायची, मग चमचा. आणि चार वेळा, एकदाच नाही."

"चार वेळा कुणाला वेळ आहे गं फडात?" आई म्हणाली.

पोरीनं भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मी पट्टा चढवला.